आपट्याचं पान, सीताफळ, बोंड: बालवाडीतल्या लेकरांसाठी कागदाच्या घड्या

घट बसले की माझ्या बालवाडीत कागद निघतो. पाऊस ओसरलेला असतो, सोयाबीनची काढणी जोरात असते, घरातली मोठी माणसं दिवसभर रानात आणि लेकरं आमच्याकडं. बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरच्या या डोंगरपट्ट्यात शरद ऋतू डोळ्यांनी दिसतो. सीताफळी लगडलेल्या असतात, कापसाची पहिली वेचणी लागते, दारोदारी झेंडू येतो. पण मोबाइलवर शरदाची ओरिगामी शोधावी तर तांबडी मेपलची पानं, भोपळे आणि ओकची फळं समोर येतात. जिथं ती झाडं आहेत तिथल्या लेकरांसाठी ती चांगलीच आहेत. आपल्या लेकरानं मात्र जे पान हातात धरलंय, जे फळ फोडून खाल्लंय, त्याचीच घडी घालावी, असं माझं ठाम मत आहे. वस्तू ओळखीची असली की लेकरू मध्येच आपल्याला सांगतं, "बाई, आपट्याला वर खाच असती." मग शिकवणारी मी एकटी राहत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही आसपास सापडणाऱ्या वस्तू हाताशी घेऊनच.

आधी कागद. स्टेशनरीच्या दुकानात घोटीव कागद मिळतो, एका बाजूनं रंगीत आणि दुसऱ्या बाजूनं पांढरा. तोच घ्या. १५ सेंमीचा चौरस लहान हातांना बरोबर बसतो. कार्डशीट नको, दुसऱ्या घडीलाच ते अडून बसतं. वर्तमानपत्र सरावाला चालतं, पण घडी टिकत नाही. ए-फोर कागद असेल तर एक कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून तिरकी घडी घाला आणि उरलेली पट्टी कापून टाका. २१ सेंमीचा चौरस मिळतो. चौरस आपण मोठ्यांनी आदल्या दिवशीच कापून ठेवावेत. कागद चौरस नसला तर टोकं जुळत नाहीत, आणि लेकराला वाटतं आपल्यालाच येईना.

मी लेकरांना दोनच शब्द सांगते: पोटात घडी आणि पाठीवर घडी. कागद पुढं, आपल्याकडं दुमडला तर पोटात, मागं दुमडला तर पाठीवर. घडी घातल्यावर तिच्यावरून अंगठ्याचं नख मधून दोन्हीकडं फिरवायचं. आणि मोठ्यांसाठी एकच नियम: लेकराच्या कागदाला हात लावायचा नाही. आपला वेगळा कागद घ्या, लेकराच्या समोर नाही तर शेजारी बसा (समोर बसलं की डावं-उजवं उलटं दिसतं) आणि एक घडी घालून थांबा. त्याची झाली की पुढची.

आता आपट्याचं पान. हे पाच वर्षांच्या पुढच्या लेकरांसाठी. आधी खरं पान प्रत्येकाच्या हातात द्या आणि मधल्या शिरेवर मिटायला सांगा. दोन्ही अर्धे एकमेकांवर बसतात. कागदाचंही तसंच बसवायचंय, हे त्यांना तिथंच कळतं.

हिरव्या कागदाची पांढरी बाजू वर ठेवा. एक टोक आपल्याकडं येईल असा कागद तिरका ठेवा. खालचं टोक वरच्या टोकाला लावून घडी घाला, उघडा. डावं टोक उजव्याला लावा, उघडा. मधे फुलीची खूण दिसते. वरचं टोक खाली, फुलीच्या मध्यावर आणा. आता वर एक सपाट कड तयार झाली. खालचं टोक वर न्या, थेट त्या सपाट कडेच्या मध्याला टेकवा. इथं लेकरं हमखास फुलीपाशीच थांबतात, म्हणून "छतापर्यंत" असं म्हणा. आता खालची कड आडवी, सरळ आहे. तिचा उजवा अर्धा भाग उचलून मधल्या उभ्या रेषेला लावा, तसाच डावा. खाली टोक आणि वर दोन शेंडे, मधे खाच. पान दिसायला लागलं.

कागद उलटा करा. वरचे दोन्ही शेंडे थोडे थोडे दुमडा, बाजूची दोन टोकंही आत घ्या. शेवटी खालचं टोक अगदी किंचित दुमडा, कारण आपट्याचं पान देठापाशी रुंद आणि गोलसर असतं. ते टोक तसंच राहिलं तर बदाम होतो, पान होत नाही. सुलट करून देठापासून दोन्ही भागांत पसरणाऱ्या शिरा स्केचपेननं काढा. त्या शिरा नीट बघून काढायला लावा, घाई करू नका. माझ्या मते सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात मोलाचा.

ही पानं शिलंगणाच्या दिवशी लेकरं मोठ्यांना सोनं म्हणून देतात. दसऱ्याला आपट्याची झाडं ओरबाडली जातात. बाजारात तर कांचनाच्या फांद्याही आपटा म्हणून विकल्या जातात. एक खरं पान बघायला आणि वाटायला कागदाची, हे मला बरं वाटतं. पाठीमागं आजीचं, आबाचं नाव लिहून द्या, म्हणजे ते पान देव्हाऱ्याजवळ जपून राहतं.

तीन-चार वर्षांच्या लेकरांना एवढ्या घड्या जमत नाहीत आणि जमाव्यात असा हट्टही धरू नये. त्यांच्यासाठी सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या लेकरांना त्याच्या कितीतरी आधीपासून फळाचे डोळे उघडले की ते पाडाला आलं, एवढं पक्कं ठाऊक असतं. डोळे उघडले म्हणजे खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या-पिवळसर दिसू लागल्या. नेमकी तीच भेग आपल्याला कागदात धरायची आहे.

हिरव्या घोटीव कागदाचे ५ सेंमीचे चौरस कापा. रंगीत बाजू खाली, पांढरी वर. एक टोक समोरच्या टोकाकडं न्यायचं आणि जिथं थांबेल तिथं घडी घालायची, एवढंच काम. लहान लेकराचा हात टोकापर्यंत क्वचितच पोचतो. तो अलीकडं थांबतो, आणि मागच्या थराची पांढरी पट्टी हिरव्याच्या बाहेर डोकावते. तीच सीताफळाची भेग. टोक नेमकं जुळवणाऱ्या लेकरालाच इथं मी म्हणते, "थोडं अलीकडं थांब बाळा." एरवी वाकड्या घडीवर हिरमुसणारी पोरं या कामात डोळ्यांपुढं फुलतात.

जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा जाड गोल कापा, वहीच्या पानाएवढा. त्रिकोणाच्या घडीची बाजू वर आणि पांढरी पट्टी असलेली टोकं खाली, असे ते चिकटवत जा. सुरुवात सगळ्यात खालच्या ओळीपासून करा. वरची ओळ खालच्या ओळीवर अर्धी येऊ द्या, म्हणजे पट्ट्या झाकल्या जात नाहीत. सगळ्यांनी मिळून एकच मोठं फळ करायचं. शेवटी वर तपकिरी कागदाचा देठ. डिंक पुठ्ठ्याला लावा, त्रिकोणाला नाही, नाहीतर त्रिकोण बोटांनाच चिकटून बसतात.

कापसाचं बोंड सोपं आहे. १२ सेंमीचा तपकिरी चौरस, रंगीत बाजू खाली. फुलीची खूण पाडून चारी कोपरे मध्यावर आणायचे. मग मध्यावरचं प्रत्येक टोक पुन्हा बाहेर वळवून कडेच्या थोडं पुढं काढायचं. चार पाकळ्यांचं उमललेलं बोंड होतं. मधे डिंक लावून घरच्या वेचणीतला कापूस बसवा. सरकी लेकरांनाच काढू द्या, त्यांना ते फार आवडतं, पण नंतर ती सगळी आपल्या ताब्यात घ्या. नाकात-कानात घालण्याचं हे वय आहे.

वेळ उरला तर कोल्होबा. केशरी चौरसाचा त्रिकोण करा, लांब बाजू खाली. वरचं टोक थोडं खाली दुमडा. डावा-उजवा कोपरा तिरका वर न्या, इतका की तो माथ्याच्या वर कानासारखा निघावा. उलटा करा, खालच्या टोकाला नाक, वर डोळे. संपलं.

पानं दोऱ्यात ओवायची असतील तर सुई मोठ्यांनीच चालवावी. तोरणात दोन पानांमधे झेंडूचं एक फूल ओवा. म्हणजे कागदाची पानं एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाऱ्यानं वळतही नाहीत.

आमच्या भागातली बरीच लेकरं दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. टोळी निघण्याची तारीख मुकादमाकडून कळते, आणि कधीकधी दुसऱ्या दिवशी लेकरू जागेवर नसतं. म्हणून मी घट बसायच्या आतच प्रत्येकासाठी एक पट्टी तयार ठेवते. लांब पुठ्ठ्यावर आपट्याच्या पानाची पहिली घडी घातलेला छोटा कागद, त्याच्या शेजारी दुसरी घडी घातलेला, असं करत शेवटी पूर्ण पान, डावीकडून उजवीकडं क्रमानं चिकटवलेलं. वाचता न येणारं लेकरूही ही पट्टी बघून घडी घालू शकतं, आणि तिकडं कोपीत (ऊसतोडीवरच्या झोपडीत) मोठं भावंड असलं तर दोघं मिळून करतात. पट्टीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत चौरस कापलेले कागद द्या, आणि त्यात हिरवे जास्त घाला. पिशवी लेकराच्या दप्तरात न ठेवता आईच्या हातात द्या. सामान बांधताना दप्तर बऱ्याचदा मागंच राहतं.