नेट गेल्याचा फोन येण्याआधी: ऑफिसच्या नेटवर्कवर लिब्रेएनएमएसची नजर

"साहेब, नेट गेलंय." नेटवर्क सांभाळणाऱ्याला बिघाड कळतो तो बहुधा असा. मग राउटर, स्विच, अ‍ॅक्सेस पॉइंट एकेक करत जिने चढायचे. दहा-वीस उपकरणांच्या ऑफिसात हे टाळायला लिब्रेएनएमएस पुरतं. उपकरणांवर नजर ठेवणारं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २०१३ मध्ये ऑब्झर्व्हियम या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं निघालं. ते फुकट आहे आणि बहुतेक कामं ब्राउझरमधूनच होतात.

पण सॉफ्टवेअर उतरवण्याआधी कागद घ्या. प्रत्येक उपकरणाचा आयपी पत्ता, ते कुठे बसवलंय आणि कोणत्या स्विचच्या कितव्या पोर्टला जोडलंय, हे लिहून काढा. पत्ते कायमचे ठरवून टाका. नावं 'स्विच-३' अशी ठेवू नका. 'दुसरा-मजला-लेखा' असं नाव रात्री दोन वाजता झोपेतही समजतं. या कामात अर्धा दिवस जातो आणि नेमकं हेच सगळे टाळतात.

नंतर एक जुना पीसी मोकळा करा. इतक्या उपकरणांना ४ जीबी रॅम चालते, डिस्क मात्र एसएसडी असावी, कारण आलेखांची माहिती सतत थोडी थोडी लिहिली जाते. त्यावर उबुंटू सर्व्हर किंवा डेबियन टाका. लिब्रेएनएमएस डॉकरमधून, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या भागांसकट तयार बांधून मिळणाऱ्या डब्यांतून, चालवलं तर डेटाबेस वगैरे वेगळं जुळवत बसावं लागत नाही. पीसी यूपीएसवर हवाच, नाहीतर वीज गेली की पहारेकरीच आधी झोपायचा.

आता प्रत्येक उपकरणावर एसएनएमपी सुरू करा. उपकरणाला त्याची हालहवाल विचारण्याची ही पद्धत यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. हिच्या तीन आवृत्त्या भेटतील. पहिली निवडू नका. तिच्यातला बाइट मोजणारा आकडा ३२ बिटांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ नंतर पुन्हा शून्यावर येणारा. १ गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर तो सुमारे ३४ सेकंदांत पूर्ण फिरतो आणि लिब्रेएनएमएस मूळ मांडणीत दर ५ मिनिटांनी विचारतं. मधल्या काळात तो किती वेळा फिरला हे कळायला मार्ग नाही, म्हणून आलेख चक्क खोटा निघतो. दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे 'व्ही२सी'मध्ये, ६४ बिटांचे आकडे मिळतात, पण तिचा परवलीचा शब्द नेटवर्कवरून उघडाच जातो. त्यामुळे उपकरण चालवू देत असेल तर तिसरीच घ्या: ओळख पटवायला एसएचए, मजकूर झाकायला एईएस. नाइलाजाने व्ही२सी वापरलीत, तर कारखान्यातून आलेला 'पब्लिक' हा शब्द आधी बदला. दोन्हींत परवानगी फक्त वाचण्याची द्या, तीही निगराणीच्या पीसीच्याच पत्त्याला.

लिब्रेएनएमएसमध्ये 'अ‍ॅड डिव्हाइस' उघडून पत्ता आणि एसएनएमपीची आवृत्ती, पासवर्ड वगैरे माहिती भरा. पोर्ट, तापमान, मेमरी ते स्वतः शोधून काढतं. उपकरण दिसलंच नाही तर त्याच पीसीवरून एसएनएमपीवॉक ही उपकरणाला थेट प्रश्न विचारणारी आज्ञा चालवून बघा. उत्तर नसेल तर दोष फायरवॉलचा, पत्त्याचा किंवा पासवर्डचा. एसएनएमपी नसलेल्या साध्या उपकरणाला स्वतःचा आयपी पत्ता असेल, तर त्याला नुसत्या पिंगवर, म्हणजे 'आहेस का?' एवढंच विचारण्यावर, ठेवता येतं. स्वस्तातल्या अनमॅनेज्ड, म्हणजे काहीच सेटिंग नसलेल्या, स्विचला आयपी पत्ताही नसतो. त्याच्या पलीकडच्या उपकरणांवरूनच अंदाज बांधायचा.

सूचना लावताना हात आखडता घ्या. उपकरण बंद, वरच्या लिंकचं (मुख्य स्विच किंवा राउटरकडे जाणारं) पोर्ट बंद, पोर्टवर चुका वाढताहेत, एवढे तीन नियम सुरुवातीला खूप झाले. प्रत्येकाला काही मिनिटांचा विलंब द्या. प्रत्येक उपकरणाचा 'पालक' कोण, म्हणजे ते कोणाच्या मागे जोडलंय, तेही सांगा. मी ते विसरलो होतो, तेव्हा मुख्य स्विच बंद पडल्यावर त्याच्यामागच्या अकरा उपकरणांनी टेलिग्रामवर एकाच वेळी गळा काढला. पालक ठरवला की तो पडल्यावर पोरं गप्प राहतात.

एक गोची उरते. इंटरनेटच गेलं तर ते गेल्याचा निरोप बाहेर जाणार कुठून? त्यासाठी ऑफिसबाहेरच्या एखाद्या छोट्या सर्व्हरवर अपटाइम कुमा हे निगराणीचं सॉफ्टवेअर बसवा आणि त्यात 'पुश' प्रकारचा मॉनिटर करा. ऑफिसातल्या पीसीने दर मिनिटाला त्याला हाक मारायची; हाक थांबली की कुमा तुम्हाला कळवतो. बसवून झालं की दुपारच्या सुट्टीत राउटरची केबल मुद्दाम काढा आणि मोबाइल किती वेळाने वाजतो ते घड्याळ लावून बघा.