चित्र काढून ते स्वतःच छापणाऱ्याने आपले काम कसे बसवावे

स्वतंत्रपणे चित्रे काढणारा आणि ती स्वतःच्या हाताने स्क्रीनवर, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापणारा माणूस एकाच वेळी दोन धंदे चालवत असतो. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, मुलांच्या पुस्तकातील चित्रे, नाट्यसंस्थेचे पोस्टर हा एक धंदा. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, टी-शर्ट आणि मोजक्या प्रतींची मुद्राचित्रे हा दुसरा. पहिल्यात तो आपले चित्र वापरू देण्याचे पैसे घेतो, दुसऱ्यात तयार मालाचे. हे दोन्ही एकाच आकड्यात घातले की बहुतेक वेळा चित्र फुकट जाते, कारण गिऱ्हाईक जवळपासच्या पत्रिकावाल्याचा दर विचारून आलेले असते आणि तो दर निव्वळ छपाईचा असतो. म्हणून चित्राचे पैसे वेगळे मांडावेत आणि छपाईचे वेगळे. ही शिस्त पहिल्या कामापासून पाळावी. एकदा लागलेली सवय गिऱ्हाइकाकडून मोडून घेणे फार अवघड जाते.

वर्षाची आखणी पाऊस आणि सणवार पाहून करावी. दिवाळी अंकांची प्रथा १९०९ पासून चालत आली आहे आणि त्यांची चित्रे साधारण आषाढ-श्रावणात मागितली जातात. नेमक्या याच दिवसांत कागदावरची छपाई सर्वांत जास्त त्रास देते, त्यामुळे पावसाळा मुख्यतः चित्रांसाठी राखणे सोयीचे ठरते. गणपतीपूर्वी मंडळांचे आणि ढोल-ताशा पथकांचे टी-शर्ट येतात. हे काम पावसातही करता येते, कारण कापडाला अखेरीस उष्णता द्यायचीच असते. तुळशीचे लग्न झाले की पत्रिकांचा हंगाम सुरू होतो आणि हवाही कोरडी होते. अनेक रंगांची, जुळणीला नाजूक असलेली कागदावरची कामे दसऱ्यानंतरच घ्यावीत आणि गिऱ्हाइकाला त्याचे कारण स्पष्ट सांगावे.

ते कारण असे आहे. कागद हवेतील ओल शोषतो आणि फुगतो. सकाळी पहिला रंग छापला आणि दुसरा दुसऱ्या दिवशी पावसाच्या झडीत छापला, तर मधल्या काळात कागदाचे माप किंचित बदललेले असते. मग रंगजुळणीच्या खुणा कितीही काटेकोर असल्या तरी एका कोपऱ्यात रंग जुळतो आणि समोरच्या कोपऱ्यात सुटतो. हातकागदात हा दोष अधिक दिसतो. पुण्यातील हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा कागद छपाईला अतिशय देखणा असतो, पण तो आणल्याबरोबर छापायला घेऊ नये. छपाईच्या खोलीत एक-दोन दिवस मोकळा ठेवून त्या हवेला सरावू द्यावा आणि सर्व रंग शक्यतो लागोपाठ उरकावेत.

चित्र काढतानाच छपाईचा विचार करावा, हा दोन्ही कामे स्वतः करण्याचा खरा लाभ आहे. प्रत्येक रंगाचे स्वतंत्र पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवरचे काळे चित्र) करायचे असते, म्हणून तीन रंगांचे चित्र म्हणजे काळ्या शाईतील तीन चित्रे. फिका रंग आधी आणि गडद रंग शेवटी छापावा, आणि गडद रंगाची कड फिक्या रंगावर सुमारे अर्धा मिलिमीटर चढू द्यावी, म्हणजे कागद थोडा हलला तरी मध्ये पांढरी फट दिसत नाही. पारदर्शक निळा पिवळ्यावर चढवून हिरवा मिळत असेल, तर तिसऱ्या स्क्रीनचा खर्च वाचतो. देवनागरी अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सोडली की शाई कडेने पसरते आणि सर्वांत आधी अनुस्वार, रफार आणि ‘ष’च्या पोटातील तिरकी रेघ बुजते. पत्रिकेवरील नावात असे झाले तर सगळी छपाई परत येते. अशा ठिकाणी अनुस्वाराचा ठिपका नेहमीपेक्षा मोठा आणि रेघा जाड काढाव्यात, किंवा अक्षरे सरळ गडद रंगातच छापावीत.

स्क्रीनसाठी पॉलिएस्टरची जाळी घेताना दर सेंटिमीटरला किती धागे आहेत ते विचारावे. कापडासाठी ४० ते ५५ धाग्यांची आणि कागदासाठी ९० ते १२० धाग्यांची जाळी सहसा योग्य ठरते. चौकटीवर ती ढिली राहू देऊ नये; ढिल्या जाळीने रेघ सरकते. इमल्शन म्हणजे प्रकाशाने कडक होणारा लेप; पॉझिटिव्हच्या काळ्या भागाखाली तो मऊ राहून धुतला जातो आणि तेथून शाई उतरते. इमल्शन लावलेली स्क्रीन पिवळ्या दिव्याच्या उजेडात, धूळ नसलेल्या जागी आडवी वाळवावी आणि ती पूर्ण वाळल्याशिवाय प्रकाशाखाली ठेवू नये. पावसाळ्यात बिघडणाऱ्या बहुसंख्य स्क्रीनचे मूळ इथेच असते, कारण ओलसर इमल्शन नीट कडक होत नाही आणि धुताना चित्रासकट निघून जाते. बंद कपाट, आत लहान पंखा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या एवढ्यावर हा प्रश्न बराच सुटतो.

किती वेळ प्रकाश द्यायचा हे अंदाजाने ठरवू नये. रेघा आणि ठिपके असलेले एक चाचणीचे पॉझिटिव्ह स्क्रीनवर ठेवून वर काच दाबावी, काळ्या पुठ्ठ्याने बहुतेक भाग झाकावा आणि ठरावीक सेकंदांनी पुठ्ठा एकेक पट्टी सरकवत जावा. मग थंड पाण्याने दोन्ही बाजू भिजवून एक-दोन मिनिटे थांबावे आणि हलक्या फवाऱ्याने धुवावे. कमी प्रकाश मिळालेल्या पट्टीत स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) बाजूचे इमल्शन बोटाला बुळबुळीत लागते आणि चित्राच्या कडा झिजलेल्या दिसतात. जास्त मिळालेल्या पट्टीत बारीक रेघ कितीही पाणी मारले तरी उघडत नाही. मधली जी पट्टी आतून कोरडी-टणक लागते आणि जिच्यातील सर्वांत बारीक रेघ आरपार दिसते, तिचा वेळ भिंतीवर लिहून ठेवावा. इमल्शन, जाळी किंवा दिवा बदलला की ही चाचणी पुन्हा करावी. स्क्रीन उन्हात धरण्याची पद्धत स्वस्त आहे, पण ढग आला की तिचा हिशेब चुकतो. डायक्रोमेट मिसळून इमल्शन तयार करण्याची जुनी पद्धत मात्र सोडूनच द्यावी. त्यातील क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि ते धुतलेले पाणी शेवटी गटारातून नदीलाच मिळते. तयार फोटोपॉलिमर किंवा डायझो इमल्शन थोडे महाग पडते, परंतु घरातल्या एका खोलीत काम करणाऱ्याने या बाबतीत काटकसर करू नये.

छापताना स्क्रीन आणि कागद यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे स्क्वीजी पुढे सरकताच जाळी कागदापासून सुटते आणि कड स्वच्छ येते. एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावर आधारित शाई जाळीतच वाळते. त्यासाठी शाईत रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव्य) घालावा, प्रत्येक प्रतीनंतर स्क्रीनवर शाईचा ओला थर पसरून ठेवावा आणि मध्येच फोनवर बोलत थांबू नये.

आता पैशाकडे वळू. समजा, एका संस्थेला तीन रंगांच्या पोस्टरच्या ६० प्रती हव्या आहेत. काही प्रती वाया जाणारच, म्हणून ७० कागद धरावेत. याचा अर्थ तीन पॉझिटिव्ह, तीन स्क्रीन आणि २१० वेळा स्क्वीजी ओढणे. दरपत्रकाच्या पहिल्या ओळीत चित्र आणि त्याच्या वापराची परवानगी लिहावी, दुसऱ्या ओळीत स्क्रीन तयार करण्याचा खर्च, तिसऱ्या ओळीत कागद, शाई आणि छपाईची मजुरी. अशी मांडणी केली की गिऱ्हाइकाला ६० ऐवजी १२० प्रती घेतल्यास दर का उतरतो हे आपोआप कळते, कारण पहिल्या दोन ओळी तेवढ्याच राहतात. घासाघीस झाली तर ती तिसऱ्या ओळीत, स्वस्त कागद किंवा एक रंग कमी करून सोडवावी. पहिल्या ओळीला हात लावू देऊ नये. कच्चे रेखाटन किती वेळा बदलून मिळेल हेही त्यातच लिहावे.

वापराची परवानगी लेखीच असावी, आणि याला कायद्याचा ठोस आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार चित्राचा पहिला मालक सामान्यतः चित्रकार असतो. पण कुणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर ते काढून घेणाराच पहिला मालक ठरतो. कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून ‘मुखपृष्ठासाठी, एका आवृत्तीपुरते, मूळ चित्र आणि कॉपीराइट चित्रकाराकडे’ एवढी ओळ प्रत्येक दरपत्रकावर असावी आणि तिला सही किंवा निदान ई-मेलने होकार घ्यावा. पिशव्यांवर किंवा कपड्यांवर वारंवार छापायच्या नक्षीबाबत आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगे पण न नोंदवलेले डिझाइन औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा वस्तूंवर उतरवले की त्यावरील कॉपीराइट संपतो. एखादी नक्षी जोरात विकली जाईल असे वाटत असेल, तर छपाईपूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा.

छपाईच्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कागद विकत आणू नये. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती काम सुरू करण्याआधीच करून घ्यावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला खरेदीदाराने कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. भांडण न करता केवळ हे कलम बिलाच्या तळाशी लिहिणेही उपयोगी पडते, कारण मोठ्या कंपन्यांचे लेखाविभाग ते ओळखतात.

स्वतःची मुद्राचित्रे विकताना प्रतींची संख्या आधी ठरवावी आणि ती नंतर वाढवू नये. डाव्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने १२/६० असा क्रमांक आणि उजवीकडे सही अशी रीत आहे. शेवटची प्रत निघाल्यावर त्या चित्राच्या स्क्रीनवरील इमल्शन काढून टाकावे, म्हणजे जाळी पुढच्या कामाला मोकळी होते. गिऱ्हाइकांच्या कामाची पॉझिटिव्ह मात्र टाकू नयेत. ती बटर पेपरमध्ये घालून सपाट ठेवावीत आणि वर गिऱ्हाइकाचे नाव, जाळीचे माप, शाईचे प्रमाण व परवानगीची मुदत लिहावी. पुढच्या हंगामात तीच पिशवी पुन्हा छापायची मागणी आली, तर पॉझिटिव्हचा खर्च वगळून, पण चित्राच्या नव्या परवानगीचे पैसे धरून, त्याच दिवशी दर देता येतो.