ॲल्युमिनियम प्रोफाइलची बेंच बनवायच्या कामाला लागताय? आधी बोल्टची लांबी मोजा

नवीन पोरं विचारतात, बहुतेक डिप्लोमा नाहीतर आयटीआय फिटर केलेली, भोसरी-चाकणला एखाद्या छोट्या एसपीएमवाल्याकडे, म्हणजे एखाद्या कामापुरती खास मशीन बनवणाऱ्याकडे, लागलेली, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, 40×40 घेऊ का 45×45?" म्हणजे प्रोफाइल किती मिमीचं घ्यायचं. प्रश्न वाईट नाहीये पण त्याची वेळ नंतर येते. आधी विचारायचं की बेंचवर बसणार काय, त्याचं वजन किती, मधोमध बसणार की पायाजवळ, आणि कोणी त्याच्यावर हातोडा चालवणार आहे का. गिऱ्हाईक "साधी असेंब्ली बेंच" म्हणतं आणि सहा महिन्यांनी जाऊन बघावं तर तिच्यावर आर्बर प्रेस, म्हणजे हाताने दाबायचा प्रेस, ठोकलेला असतो. असं होणारच, धरून चाला.

प्रोफाइलची लांब खाच, त्या खाचेत आत बसणारा टी-नट, दोन तुकडे जोडायचा ब्रॅकेट, टोकाची एंड कॅप, एवढं तुम्हाला माहितीये असं धरून लिहितोय.

आधी लवण्याचं बोलू, कारण कॅटलॉगात सगळं छापलेलं असतं आणि कोणी बघत नाही. ॲल्युमिनियमचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, साधारण 70 जीपीए, स्टीलचा 200 च्या वर, म्हणजे आकार तोच ठेवला तर ॲल्युमिनियम जवळजवळ तिप्पट लवतं. "पण आपलं 6063-टी6 आहे ना" असं कोणीतरी म्हणतंच. टेम्परने, म्हणजे त्या टी6 च्या हीट ट्रीटमेंटने, ताकद वाढते हो, लवायचं ते तेवढंच लवतं. 40×40 च्या हलक्या प्रोफाइलचा मोमेंट ऑफ इनर्शिया (आकारामुळे लवायला होणारा विरोध) 9 सेंमी⁴ च्या आसपास असतो. दीड मीटर लांब आडवा टाका, दोन टोकांना नुसता टेकलेला धरा आणि मधोमध 100 किलो ठेवा, गणित 11 मिमी म्हणतं. अकरा! दोन आडव्यांवर वाटून घेतलं तरी साडेपाच. तेच 40×80 उभं लावलं तर एकट्याला दीड मिमीच्या आसपास, आणि मधे एक पाय वाढवला तर लांबी अर्धी झाल्यामुळे लवणं आठव्या हिश्श्यावर येतं, कारण लांबीचा घन लागतो. एवढं एक सूत्र पाठ करा, बाकी सॉफ्टवेअर नंतर.

आणि आता मालकाला न आवडणारं बोलतो. एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, 40×40×3 ची चौकोनी ट्यूब घेतली तर तीच बेंच साडेतीन मिमीच्या आत राहते, वजन दुप्पट भरतं पण पैसे कमी लागतात. म्हणजे जी बेंच एकदा ठेवली की पाच वर्षं हलणार नाही, तिला प्रोफाइल कशाला? प्रोफाइल घ्यायचं ते बदल होणार असतील तर, लाइनचं लेआउट दर महिन्याला हलत असेल तर, वेल्डिंगने फ्रेम खेचली जाईल आणि मशीनिंगला पाठवायला वेळ नसेल तर. दिसायला छान दिसतं म्हणून घेणारे पण आहेत, ऑडिट असतं, चालायचंच.

साइजबद्दल एवढंच सांगतो की 40×40 म्हटलं म्हणजे सगळं सांगून झालं असं नाही. ते 8 मिमीच्या खाचेत पण येतं आणि 10 च्या पण. 30 च्या सिरीजची 8 ची खाच आणि 40 च्या सिरीजची 8 ची खाच आतून सारखी असेलच असं नाही, नट आत जाईल पण बसणार नाही, नाहीतर जाणारच नाही. मधलं भोक पण वेगळं असतं, 8 वाल्यात बहुतेक 6.8 चं म्हणजे थेट एम8 चा टॅप मारा, 10 वाल्यात एम12 चे आटे पडतात, म्हणून लेव्हलिंग फूट (उंची जुळवायचे पाय) मागवायच्या आधी व्हर्निअर लावून बघा. पहिल्या दोन-तीन कामांना प्रोफाइल आणि नट एकाच दुकानातून घ्या. इकडून स्वस्त प्रोफाइल, तिकडून स्वस्त नट हा शहाणपणा नंतर करा. भंगारातला माल किलोवर मिळतो तो सरावाला झकास, गिऱ्हाइकाच्या कामाला नको, एकाच ढिगात तीन कंपन्यांच्या खाचा असतात.

कटिंग शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या चॉप सॉवर करू नका. तो दगडी चक्का लोखंडासाठी असतो, ॲल्युमिनियम त्यात भरून बसतं, चक्का तापतो, फुटू पण शकतो, आणि कट काटकोनात येत नाही. कार्बाइड दातांचं, नॉन-फेरसचं ब्लेड लागतं, थोडं वॅक्स नाहीतर रॉकेल. काटकोनाचं महत्त्व एवढ्यासाठी की अर्धा अंश चुकला तर 40 मिमीच्या तोंडावर फक्त 0.35 मिमीची फट दिसते, ब्रॅकेट आवळला की ती पण मिटते, आणि 900 च्या पायाच्या टोकाला तीच चूक जवळजवळ 8 मिमी होते. मग पोरगं कर्ण मोजत बसतं आणि ब्रॅकेटला शिव्या देतं. कापल्यावर लगेच गुण्या लावा, कानस मारून बर काढा, मगच पुढे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

प्रोफाइलचा जोड आवळल्यामुळे धरतो. नट आतून खाचेच्या ओठांना वर ओढतो, बोल्टचं डोकं वरून ब्रॅकेट दाबतं, आणि त्या चिमट्यामुळे जे घर्षण तयार होतं तेवढ्यावर तुमची आख्खी बेंच उभी असते. वेल्ड नाही, पिन नाही. चिमटा बसला नाही तर जोड नाहीच, नुसता देखावा आहे. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, मला पण होतं.

एका प्रेस-फिट स्टेशनवर, जिथे बुश पार्टमध्ये दाबून बसवतात, दोन खांबांच्या मधे आडवा, आडव्यावर 50 बोअरचा (आतून 50 मिमी व्यासाचा) सिलिंडर, 5 बार हवा, म्हणजे जवळजवळ 100 किलोचा दाब. सिलिंडर बुश खाली दाबतो तेव्हा आडवा तेवढ्याच जोराने वर ढकलला जातो. ट्रायलला सगळं मस्त. मग काही दिवसांनी बुश पूर्ण बसेनात, क्वालिटीवाले पार्ट परत पाठवायला लागले. रेग्युलेटर बदलला, सिलिंडरची सीलं बघितली, बुशच्या मापावर वाद झाला, पर्चेसवाल्याला दोन शब्द ऐकवून झाले. शेवटी टॉर्च मारून बघताना खांबावर ब्रॅकेटच्या खालच्या कडेला ॲनोडायझिंगवर (प्रोफाइलच्या वरच्या थरावर) एक चकचकीत ओरखडा दिसला, नखाच्या जाडीचा. आडवा हळूहळू वर सरकत होता. आणि बोल्ट? सगळे टाइट. टॉर्क रेंच 25 न्यूटन-मीटरला लावून बघितला, क्लिक, क्लिक, क्लिक.

ब्रॅकेट काढला तेव्हा खाचेच्या तळाला गोल गोल खड्डे. बोल्टची टोकं तळाला टेकली होती.

आता हिशोब बघा, आणि प्लीज नुसता वाचू नका, कागदावर करा. आमच्या प्रोफाइलची खाच वरून तळापर्यंत 12.25 मिमी. ब्रॅकेटची पट्टी 6 मिमी. एम8 चा साधा वायसर 1.6 मिमी. बेरीज 19.85. आणि स्टोअरमध्ये 16 चे बोल्ट संपले होते म्हणून लावला एम8×20. म्हणजे 0.15 मिमी जास्त. वायसर नसता तर बोल्ट पावणेदोन मिमी लांब पडला असता, डोकं पट्टीपासून वर राहिलं असतं, पट्टी खुळखुळली असती आणि आंधळ्याला पण कळलं असतं. 0.15 कोणाला दिसणार? टोकाने तळ थोडा दाबला, मऊ ॲल्युमिनियम आहे, खड्डा पडला, डोकं वायसरला जेमतेम टेकलं. पट्टी हाताने हलेना. पण आवळल्याचा सगळा जोर कुठे गेला तर नट वरच्या ओठांना उचलतोय आणि बोल्ट तळाला दाबतोय, दोघांची आपापसात कुस्ती, ब्रॅकेटच्या वाट्याला त्यातलं जवळपास काही नाही. आणि टॉर्क रेंचला काय माहीत जोर कुठे जातोय, त्याला फक्त बोल्ट फिरत नाही एवढंच कळतं.

म्हणून "टॉर्कने टाइट केलंय सर" हे वाक्य माझ्यासमोर कोणी म्हटलं की मी बोल्ट काढायला लावतो. खडूस वाटतं, वाटू दे.

तपासायची रीत सोपी आहे. प्रोफाइलचा वीतभर तुकडा कायम टेबलावर ठेवा. ज्या जाडीचा ब्रॅकेट, जो वायसर, जो बोल्ट लावणार तो घ्या, टोकाला मार्करची शाई लावा, नट न घालता बोल्ट तसाच खाचेत सोडा आणि डोकं अंगठ्याने दाबा. तळाला शाई लागली तर बोल्ट लांब आहे. शाई लागली नाही म्हणून पण खूश होऊ नका, टोक तळापासून निदान 1 मिमी वर पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूने नटचे सगळे आटे भरले पाहिजेत, नाहीतर आखूड बोल्ट दोनच आट्यांवर लटकतो आणि ते आटे जातात. आम्ही वायसर काढून एम8×16 लावला, खाचेत 10 मिमी जातो, दोन्ही बाजूंनी बरोबर. पट्टी 8 ची असेल तर वायसरसकट 20 चालतो. ब्रॅकेटची जाडी बदलली, पावडर कोटिंग आलं, कोणी स्प्रिंग वायसर घुसवला, की हिशोब परत पहिल्यापासून. प्रत्येक जोडणीसाठी परत. हो, कंटाळा येतो.

हॅमर नटचा प्रकार याचाच भाऊ. खाचेत सरळ टाकायचा, आवळताना तो पाव वळण फिरून आडवा होतो. कधी अर्धाच फिरतो, कोपऱ्यावर अडकतो, आणि बोल्ट टाइट लागतो. टी-बोल्ट (आडव्या डोक्याचा बोल्ट) वापरत असाल तर त्याच्या टोकाला खूण म्हणून चीर असते, ती खाचेला आडवी दिसली पाहिजे. हॅमर नटला ती सोय बहुतेक नसते, म्हणून ज्या जोडावर खरा लोड आहे तिथे मी टोकातून सरकवायचा भरीव टी-नटच घालतो. त्यासाठी कोणत्या खाचेत किती नट लागणार हे जोडणीच्या आधी मोजावं लागतं, आणि विसरलं की अर्धी फ्रेम खोलावी लागते, शिव्या खाव्या लागतात. दोन नट जास्तीचे सोडून ठेवा प्रत्येक खाचेत, शंभर रुपये गेले तर गेले.

घाबरू नका पण. हे वाचून वाटेल की प्रोफाइल म्हणजे भानगडच आहे. तसं नाहीये, उलट इतकं माफ करणारं काम दुसरं नाही, चुकलं तर खोला, सरकवा, परत आवळा, वेल्डिंगसारखं कापायची वेळ येत नाही. फक्त लोड घर्षणावर सोडू नका. आडवा दोन पायांच्या मधे ब्रॅकेटवर लटकवण्यापेक्षा पायांच्या डोक्यावर ठेवा, मग वजन थेट पायात उतरतं आणि ब्रॅकेटला फक्त जागा धरून ठेवायचं काम उरतं. आडव्याला वर ढकलणारा सिलिंडर असेल तर ब्रॅकेट आणि प्रोफाइल एकत्र ड्रिल करून आरपार पिन मारा. आम्ही शेवटी तेच केलं.

शिकवणाऱ्यांबद्दल थोडं बोलतो, राग आला तरी चालेल. "चालतंय रे, लाव" म्हणणारा सीनियर फार गोड असतो, चहा पाजतो, पण त्याच्याकडून आटे कसे पाडायचे ते शिका, साइज ठरवायला नको. ज्या फोरमनच्या खिशात व्हर्निअर असतो आणि जो तुमचं तोंड न बघता तुमचा कट बघतो त्याच्या मागे लागा. यूट्यूबवरच्या टाइमलॅप्समध्ये तीन मिनिटांत बेंच उभी राहते, त्यात कोणी बोल्ट बाहेर काढून टोक बघताना दिसलंय का? ऑनलाइन कॉन्फिगरेटर छान आहेत, बीओएम, म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी, आयती मिळते, पण ज्याने आयुष्यात एकदा हाताने कटिंग लिस्ट केली नाही त्याला त्या बीओएममधली चूक दिसत नाही हे माझं ठाम मत आहे.

फिक्स्चरला, म्हणजे पार्ट ठरलेल्या जागी धरणाऱ्या साच्याला, हात घालणार असाल तर प्रोफाइलवर थेट लोकेटर (पार्टची जागा ठरवणारे टेकू) बसवू नका. प्रोफाइल सांगाडा आहे, अचूक पृष्ठभाग नाही. वर मशीनिंग केलेली प्लेट टाका, 3-2-1 चे लोकेटर (तीन बाजूंना तीन, दोन, एक असे टेकू) आणि डॉवेल पिना त्या प्लेटमध्ये, टॉगल क्लॅम्प पण तिच्यावरच. शिवाय मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ-दुपार 15 अंशांचा फरक सहज पडतो, त्यात 1 मीटर ॲल्युमिनियम साधारण 0.35 मिमी वाढतं आणि स्टील त्याच्या निम्मं. लांब प्रोफाइलच्या दोन टोकांना दोन लोकेटर लावून 0.1 मिमी पकडायला गेलात तर दुपारी पार्ट बसणार नाही आणि सगळे ऑपरेटरला बोलतील.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची ईएसडी बेंच, म्हणजे स्थिर वीज जमिनीत सोडणारी बेंच, मिळाली तर अजून एक. ॲनोडायझिंगमधून करंट जात नाही. एका पायाला अर्थिंगची वायर जोडली म्हणजे आख्खी फ्रेम अर्थ झाली असं अजिबात नाही, प्रत्येक तुकडा वेगळा राहू शकतो. जोडाच्या जागी थर खरवडा नाहीतर दातेरी वायसर घाला, तो थर फोडून आत जातो, आणि मल्टिमीटरने प्रत्येक आडव्या-उभ्याची कंटिन्युइटी बघा. पण दातेरी वायसरला पण जाडी असते, तो घातला की बोल्टच्या लांबीचा हिशोब परत करा.