क्लिनिकल सायकॉलॉजीचा इतिहास डोक्यात बसवायचा कसा? आधी कागदावर दोन रेघा मारा

एमए किंवा नेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा घोळ एकाच जागी होतो. हिपोक्रेटिस, पिनेल, फ्रॉइड, विटमर अशी सगळी नावं एका ओळीत पाठ करायची, जणू एकाने सोडलं की दुसऱ्याने धरलं. तसं झालेलं नाहीये. म्हणून नोट्स काढायच्या आधी एक कोरा कागद आडवा धरा आणि दोन समांतर रेघा मारा. वरच्या रेघेवर लिहा ‘इस्पितळ आणि डॉक्टर’, खालच्या रेघेवर ‘लॅब, शाळा आणि टेस्ट’. नवीन नाव आलं की पहिला प्रश्न हाच, की हा माणूस कुठल्या रेघेवरचा?

वरची रेघ जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेने आजाराचं कारण देवाच्या कोपात न शोधता शरीरातल्या चार द्रवांत शोधलं, एवढं त्याच्याबद्दल पुरे. मग लंडनचं बेथलेम, पुढे मनोरुग्णांचं इस्पितळ म्हणून प्रसिद्ध झालेलं, १२४७ ची स्थापना. आणि मग फ्रेंच डॉक्टर पिनेल, इथे मात्र थांबा, कारण ‘पिनेलने वेड्यांच्या साखळ्या तोडल्या’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक गाइडमध्ये असतं. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात १७९७ मध्ये साखळ्या काढल्या त्या प्युसाँने, जो तिथला व्यवस्थापक होता आणि त्याआधी तिथलाच पेशंट, आणि पिनेल तर तोपर्यंत पॅरिसच्याच साल्पेत्रिएर इस्पितळात गेला होता, तिथे त्याने नंतर तेच केलं. पिनेलच्या हातून साखळ्या सुटतायत असं जे प्रसिद्ध चित्र आहे ते १८७६ चं, म्हणजे तो गेल्यावर पन्नास वर्षांनी काढलेलं! आणि साखळ्या गेल्या तरी बांधून ठेवणारे जाकीट आलेच, हेही लिहा, पुस्तकं ते गाळतात. त्याच सुमारास इंग्लंडात विल्यम ट्यूकने मनोरुग्णांना माणुसकीने वागवणारं यॉर्क रिट्रीट (१७९६) काढलं, अमेरिकेत १८४१ पासून डोरोथिया डिक्स तुरुंगात डांबलेल्या मनोरुग्णांसाठी भांडत राहिली. १९१३ ला नोगुची आणि मूर यांना पॅरेसिसच्या (वेड आणि लकवा आणणारा आजार) पेशंटच्या मेंदूत सिफिलिसचा जंतू सापडला आणि ‘वेडाला शारीरिक कारण असतं’ या बाजूला मोठा पुरावा मिळाला.

आता खालची रेघ. जर्मनीत वुंटची लायप्झिगची मानसशास्त्राची लॅब १८७९, कॅटेलने ‘मेंटल टेस्ट’ हा शब्द वापरला १८९० ला. आणि मग विटमर, वुंटचाच विद्यार्थी, ज्याने १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं सायकॉलॉजिकल क्लिनिक काढलं. गंमत बघा, त्याची पहिली केस भ्रम-भास होणारा पेशंट नव्हताच, स्पेलिंग न जमणारा एक शाळकरी मुलगा होता. डोळ्यांत दोष निघाला, चष्मा लागला, वर शिकवणी दिली. ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव या कामाला त्याने १९०७ मध्ये दिलं. मग मुलांसाठीची बिने-सिमोन बुद्धिमापन चाचणी १९०५, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठीच्या आर्मी अल्फा-बीटा चाचण्या, सगळा टेस्टिंगचाच मामला.

फ्रॉइड कुठे टाकायचा? वरच्या रेघेवर, कारण तो डॉक्टर होता. अमेरिकेत थेरपी बराच काळ डॉक्टरांनीच आपल्या ताब्यात ठेवली, सायकॉलॉजिस्टने टेस्ट घ्यायची आणि रिपोर्ट द्यायचा.

या दोन रेघा खऱ्या अर्थाने जुळतात दुसऱ्या महायुद्धानंतर. मानसिक त्रास घेऊन परतलेले सैनिक इतके की सायकियाट्रिस्ट पुरेनात, म्हणून १९४६ पासून अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने विद्यापीठांतून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तयार करायला पैसे ओतले, आणि १९४९ च्या बोल्डर परिषदेने ‘सायंटिस्ट-प्रॅक्टिशनर’ मॉडेल ठरवलं, संशोधनही आणि उपचारही. हा जोड लाल पेनाने काढा, मोठ्या उत्तरात मार्क इथेच मिळतात. आपल्याकडची रेघही इथूनच फुटते: बंगळूरला १९५४ मध्ये ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ (आताचं निमहान्स) आणि पुढच्या वर्षी मेडिकल सायकॉलॉजीचा डिप्लोमा.

एक शेवटचं काम. वरच्या रेघेवर १९४९ ला लोबोटोमीसाठी (मनोविकारावर मेंदूची शस्त्रक्रिया) मोनिझचं नोबेल आणि १९५२ ला मनोविकारावरचं औषध क्लोरप्रोमाझिन मांडा, आणि दोन्हींमधलं अंतर मोजा. तीन वर्षं.