लांबच्या प्रवासाआधी मोठ्या गाडीचं ॲव्हरेज सांभाळा

सात सीटर भरून जळगाव-धुळ्याहून पुण्याला निघालं की ॲव्हरेज पडतं. उपाय साधे आहेत.

१. हवा पहाटे, टायर थंड असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. त्यातला 'फुल लोड'चा घ्या. मागच्या टायरना तो बहुधा जास्त असतो, म्हणून चारही चाकांत सारखीच हवा भरू देऊ नका.

२. टपावरचं कॅरियर रिकामं असलं तरी वारा अडवतं. काढूनच ठेवा.

३. वेग ८०-९०. शंभरापुढे उंच गाडी डिझेल पिते.

४. परतीला कन्नड घाट न्यूट्रलमध्ये उतरू नका. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनात डिझेल जवळपास बंदच होतं, आणि ब्रेकही तापत नाहीत.

खबरदारी: मे महिन्यात चालून तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडते.