पंप हवा घेतो, तेव्हा आधी क्लिप बघा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या वॉशिंग सेंटरवर ट्रॅक्टरची रांग वरुड रोडपर्यंत जाते. उद्या पूजा, म्हणून आज धुवायचे. सोयाबीनच्या वावरातून थेट आलेल्या ट्रॅक्टरच्या रिंगमध्ये काळी माती अशी बसलेली असते की बोटाने निघत नाही. तीन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच दिवशी पंपाने मान टाकली. गनमधून पाणी तुटक यायला लागलं, गेजचा काटा थरथरायला लागला. मला वाटलं, पंपातलं पॅकिंग, म्हणजे पाणी अडवणारं सील, गेलं. पंप खोलला, पॅकिंग बदललं, वॉल्व्ह पुसले. दोन तास गेले. पुन्हा तेच.

बाकावर बसलेले एक बुढे बाबा तेवढ्या वेळात दोन चहा पिऊन झाले होते. ते म्हणाले, "बाबू, टाकीत पाह्य ना. पाणी कसं ताकावानी पडून राह्यलं. हवा घेऊन राह्यला तो."

बायपासचं, म्हणजे पंपातून टाकीत परत येणारं पाणी खरंच पांढरं पडत होतं. सक्शन म्हणजे पंपात पाणी ओढणारा पाइप. तो पंपाच्या ज्या दातेरी तोंडावर, निपलवर, चढतो तिथे त्याला आवळणारी स्क्रूची पट्टी म्हणजे क्लिप. ती फिरवून पाहिली तर स्क्रू नुसताच फिरला. आटे गेलेले. नवी क्लिप लावली आणि पाच मिनिटांत पहिला ट्रॅक्टर रॅम्पवर. तेव्हापासून पंप बिघडला की मी पाना आधी क्लिपला लावतो.

सक्शनची क्लिप फसवते ती अशी. पंप चालू असताना सक्शन पाइपात ओढ असते, त्यामुळे सैल जोडातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि माणूस म्हणतो, गळत तर नाही. मग साबणाचा दाट फेस करा आणि पंप चालू ठेवून जोडावर थापा. फेस जिथे आत ओढला जाईल तिथे हवा आहे. एवढी एक चाचणी मला आधी ठाऊक असती तर ते पॅकिंग वाचलं असतं.

आता क्लिप घ्यायची कशी. दुकानात जाऊन "एक इंची क्लिप द्या" म्हणू नका. एक इंच म्हणजे पाइपाची आतली पोकळी, २५ मिमी. क्लिप बसते बाहेरून. त्यामुळे आधी पाइप निपलवर पूर्ण चढवा, तो तिथे थोडा फुगतो, मग त्या जागी दोरा गुंडाळून मोजा. माझा दोरा १०५ मिमी भरला. त्याला ३.१४ ने भागलं की ३३ मिमी. क्लिपच्या पट्टीवर माप छापलेलं असतं: १६–२५, २०–३२, २५–४० असं. ३३ मिमीला २०–३२ ची क्लिप ओढूनताणून शेवटच्या आट्यावर लागते आणि तिथून सुटते. २५–४० ची घ्या. उलट फार मोठी घेऊन शेवटपर्यंत आवळली तर ती गोल राहत नाही. स्क्रूच्या घराखाली चपटी होते आणि हवा बरोबर त्याच फटीतून जाते. आपलं माप क्लिपच्या दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी पडलं पाहिजे.

दुसरं, पट्टी हातात घेऊन उजेडात धरा. काही पट्ट्यांना आरपार चिरा पाडलेल्या असतात. मऊ पाइपावर ती क्लिप आवळली की सोऱ्यातून शेवया याव्यात तसा पाइप त्या चिरांतून वर येतो आणि काही दिवसांत तिथेच कापला जातो. दुसरी पट्टी आतून सपाट असते, आटे वरच्या बाजूला फक्त दाबून उठवलेले, कडा बाहेर वळवलेल्या. थोडी महाग पडते, पण सक्शनला तीच.

तिसरी गोष्ट गंजाची. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, वर झिंकचा मुलामा, अशा क्लिपा खूप विकल्या जातात. दिसायला सगळं सारखंच चकचकीत. खिशात छोटं चुंबक ठेवा आणि पट्टीला नाही, स्क्रूला लावा. खटकन चिकटलं तर समजा पहिला गंज तिथेच येणार. चांगल्या क्लिपेवर डब्ल्यू अक्षर आणि आकडा असतो. डब्ल्यू १ म्हणजे सगळी मुलाम्याची, डब्ल्यू २ म्हणजे पट्टी स्टेनलेस पण स्क्रू मुलाम्याचा, डब्ल्यू ४ म्हणजे स्क्रूसकट स्टेनलेस. आमच्या भागात हा फरक लवकर कळतो, कारण फवारणीच्या ज्या एचटीपी पंपाने संत्र्यावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं पाणी, मारतात त्यानेच लोक घराची भिंत धुतात. मोरचूद लोखंड आणि झिंक दोन्ही खातो. भिंतीवरच्या शेवाळाला ब्लीचिंगचं पाणी मारत असाल तर ते स्टेनलेसलाही बारीक भोकं पाडतं. काम संपलं की दहा मिनिटं साधं पाणी चालवा आणि क्लिपांवरही ओता. आणि हो, कीटकनाशक फवारलेल्या पंपाने आणि पाइपाने पिण्याच्या पाण्याची टाकी धुवायची नाही. कितीही खंगाळला तरी नाही.

बसवताना पहिली चूक सगळे करतात: पाइप निपलवर चढवून झाला की क्लिप आठवते. ती आधी पाइपात ओवा. पाइपाचं टोक धारदार पात्याने सरळ कापा. चढत नसेल तर गरम पाण्यात मिनिटभर बुडवा. लायटरने भाजू नका, ग्रीस लावू नका. ग्रीसवरून चढतो तसाच तो उतरतोही. थोडं साबणाचं पाणी चालतं. पाइप निपलच्या शेवटच्या दातापलीकडे गेला पाहिजे, आणि क्लिप दातांच्या मागे, पाइपाच्या टोकापासून चार-पाच मिमी सोडून. बरोबर टोकावर लावली तर आवळताना घसरते.

स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. माझ्या डाव्या तळव्यावर त्याची खूण आहे. बहुतेक क्लिपांच्या स्क्रूचं डोकं सात नंबरचं षटकोनी असतं, त्याला सातचा ट्यूब पाना. किती आवळायचं? ९ मिमी पट्टीला साधारण ३ न्यूटन-मीटर, १२ मिमीच्या पट्टीला ५. ते मोजायचा पाना गावात कोणाकडे नाही, म्हणून नजर ठेवा: पट्टीच्या दोन्ही कडांशी पाइप सारखाच किंचित उचलला की थांबा. निपल लांब असेल तर दोन क्लिपा लावा, एकीचा स्क्रू वर, दुसरीचा खाली, म्हणजे एकीच्या घराखालची फट दुसरी झाकते.

हिरव्या सक्शन पाइपावर बाहेरून पीळदार उंचवटे असतील तर ही सपाट पट्टी त्यावर कधीच नीट बसत नाही. बाहेरून गुळगुळीत असलेला पाइप घ्या, किंवा पिळाच्या वळणाने जाणारी दुहेरी तारेची क्लिप मागा. सायकलच्या ट्यूबची पट्टी खाली गुंडाळून वेळ निघते, मीही काढली आहे, पण तेवढ्यापुरतीच. बाइंडिंगची तार मात्र नको, ती पाइप कापते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात पीव्हीसी मऊ होऊन क्लिपेखालून सरकतं, आणि रात्री थंड झालं की जोड सैल. म्हणून नवी क्लिप सकाळी पाइप गार असताना लावा, आणि पहिला तापलेला दिवस गेला की दुसऱ्या सकाळी पुन्हा पाना लावून पाहा. रोज उठून पिळत बसू नका, त्यानेच आटे जातात.

हे सगळं सक्शनचं. बायपासलाही क्लिप चालते. डिलिव्हरीला, म्हणजे पंपाकडून गनकडे जाणाऱ्या पाइपाला, स्क्रूची क्लिप लावायची नाही. १० मिमी पोकळीच्या पाइपात दर चौरस सेंटीमीटरला २५ किलोचं प्रेशर म्हणजे पाइपाला निपलवरून ढकलणारा जोर जवळजवळ २० किलोंचा, आणि गनचा घोडा सोडला की त्याला झटकाही बसतो. गाड्या धुवायच्या शंभर-सव्वाशे बारच्या (एक बार म्हणजे साधारण एक किलो प्रेशर) मशीनची तर गोष्टच वेगळी. तिथे हायड्रॉलिक पाइपवाल्याकडून टोक प्रेस करून आणायचं. त्या पाइपाची गळती हात फिरवून शोधू नका, बारीक धार कातडीत शिरते. पुठ्ठा धरा.

काढलेली क्लिप पुन्हा लावायची असेल तर पट्टी नखाने चाचपा. आटे वाकलेले लागले तर ती सक्शनला नको. अंगणातल्या नळाच्या पाइपाला अजून दोन उन्हाळे काढेल.