सर्व्हर सारखा पडतोय? जबाबदार कोण, ते असं शोधा

साइट बंद पडली की पहिला फोन होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट भाड्याने ठेवलीय त्याला, जातो आणि तिकडून ठरलेलं उत्तर येतं: ‘प्लगइन बंद करून बघा, नाहीतर मोठा प्लॅन घ्या.’ (प्लगइन म्हणजे साइटला जोडलेले जादा प्रोग्राम.) गेली बारा वर्षं मी लहान व्यावसायिकांच्या साइट सांभाळतोय. या एका उत्तरापायी लोकांनी घालवलेले पैसे पाहिले की आजही राग येतो. पुरावा हातात येईपर्यंत प्लॅन वाढवू नका, होस्टिंगही बदलू नका.

१. बिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. साइट बनवून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यातून होस्टिंग घेतलं असेल, तर तुमचा व्यवहार त्याच्याशी आहे आणि उत्तरही त्यानेच द्यायचं. मूळ कंपनी तुम्हाला दारात उभं करणार नाही.

२. नेमकं काय विकत घेतलंय ते बघा. शेअर्ड होस्टिंगमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, मशीन, वीज, नेटवर्क, डेटाबेसची (साइटची माहिती साठवणाऱ्या भागाची) सेवा आणि त्याच सर्व्हरवरच्या शेजाऱ्यांचा त्रास, हे सगळं होस्टिंगवाल्याने बघायचं. तुमची थीम (साइटचा साचा), प्लगइन आणि प्लॅनबाहेरची गर्दी तुमच्याकडे. अनमॅनेज्ड व्हीपीएस (सर्व्हरचा स्वतंत्र हिस्सा, जो तुम्हीच सांभाळायचा) घेतला असेल तर मशीनच्या आतलं सगळं तुमचं. रॅम संपली की लिनक्स जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारून टाकतं, आणि बहुतेक वेळा बळी जातो डेटाबेसचा. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही.

३. दोष नेमका कुठे आहे ते पकडा. सगळे इथेच चुकतात, मीही चुकलोय.

साइटच्या फोल्डरमध्ये दोन फाइल ठेवा. पहिली साधी एचटीएमएल, आत फक्त ‘ठीक’ एवढा शब्द. दुसरी चार ओळींची पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम, जी डेटाबेसला जोडून एक प्रश्न विचारते आणि गप्प बसते. या दोन्ही आणि तुमचं मुखपृष्ठ, असे तीन पत्ते अपटाइम, म्हणजे साइट चालू आहे का ते, तपासणाऱ्या एखाद्या बाहेरच्या सेवेत टाका. तिने दर ५ मिनिटांनी बघितलं तरी सुरुवातीला तेवढं पुरतं. आठवडाभर हात लावू नका.

मग वाचा. साधी फाइलही पडली, तर सर्व्हर किंवा नेटवर्क पडलं. दोष बहुतेक होस्टिंगवाल्याचा. साधी उभी आणि पीएचपीवाली पडली, तर सीपॅनेलमधलं (होस्टिंगच्या नियंत्रण पानावरचं) ‘रिसोर्स युसेज’ उघडा. तिथे त्याच वेळेला फॉल्ट (मर्यादेला धडकल्याच्या नोंदी) दिसत असतील किंवा ब्राउझरमध्ये ५०८ क्रमांकाची एरर येत असेल, तर तुमच्याच खात्याची मर्यादा भरली. फॉल्ट नसतील तर डेटाबेसचा सर्व्हर संशयित, म्हणजे पुन्हा होस्टिंगवाला. दोन्ही फाइल उभ्या आणि फक्त मुखपृष्ठ पडलं, तर शोध स्वतःच्या घरात घ्या.

‘त्याच वेळेला’ या शब्दांवर माझे दोन आठवडे गेलेत. रत्नागिरीच्या एका आंबेवाल्यांची साइट एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, रोज सकाळी अकराला पडायची. पेट्यांच्या ऑर्डरी अर्ध्यात अडकायच्या, ते मला फोन करायचे आणि मी होस्टिंगवाल्याला. लॉगमध्ये अकराच्या सुमारास काहीच नव्हतं, म्हणून मी ठाम होतो की दोष होस्टिंगवाल्याचाच. होस्टिंग बदललं. नव्या जागीही बरोबर अकराला साइट पडली. मग एरर लॉग नीट वाचला, तर ०५:३१ ला मेमरी संपल्याच्या ओळींची रांग. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होतं, भारताच्या साडेपाच तास मागे. साइट ज्यावर बांधली होती त्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरची वेळही यूटीसीच. ‘पहाटे साडेपाचला’ म्हणून मीच लावलेला पूर्ण बॅकअप रोज सकाळी अकराला सुरू होत होता. त्या गृहस्थांचं नुकसान माझ्यामुळे झालं, होस्टिंगवाल्यामुळे नाही. तेव्हापासून लॉगमधल्या प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवल्याशिवाय मी कुणावर बोट ठेवत नाही.

४. होस्टिंगवाल्याकडे तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाका. फोन नको, चॅट नको. तारीख, भारतीय वेळ, यूटीसी वेळ, किती मिनिटं बंद, कोणती फाइल पडली, एवढंच लिहा. ‘तुमची सेवा अगदी भिकार आहे’ या वाक्याने काम पुढे जात नाही. अशा नोंदींच्या आठ ओळींनी माझी दोन खाती दुसऱ्या सर्व्हरवर हलवली गेली आहेत.

५. भरपाई मागा, पण काय मिळतं ते समजून. ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. त्यापुढे गेलं तर बहुतेक करारांत भाड्यातली थोडी रक्कम पुढच्या बिलात वळती होते, तीही मुदतीत मागितली तरच. बुडालेल्या ऑर्डरींचे पैसे बहुतेक करार साफ नाकारतात. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा बसत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. एकट्याने दुकान चालवणाऱ्याने ‘हा कायदा आपल्यासाठी नाही’ असं समजून गप्प बसू नये. मुदत २ वर्षांची आहे.

६. बॅकअप स्वतःच्या ताब्यात, दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबूर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. एका ग्राहकाने पैसे भरून घेतलेला बॅकअप त्याच इमारतीत होता. करारात तो वेगळ्या जागी ठेवायचं लिहिलं होतं, म्हणून २०२३ मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. निकाल लागला, डेटा गेला तो गेलाच.

७. दोनदा पुराव्यानिशी लिहूनही साधी फाइल पडतच राहिली, तर होस्टिंग हलवा. आदल्या दिवशी डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा ती मुदत, ३०० वर आणा आणि जुनं होस्टिंग निदान पंधरा दिवस चालू ठेवा, नाहीतर जुन्या मेलबॉक्समधले मेल जातील.